आयरिशमधली सख्खी बहीण

चिडायला मला फार कारण लागत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. पण एका नामावरून, आणि तेही परक्या भाषेतल्या, मी इतकी चिडेन असं कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

२०२०चा सप्टेंबर चालू होता. मी डब्लिनच्या कडेला, ब्लँचर्डस्टाउनमध्ये राहत होते आणि मार्चपासून ऑफिसचं तोंड पाहिलं नव्हतं. सॉफ्टवेअर तपासायचं माझं काम जेवणाच्या टेबलावर येऊन बसलं होतं आणि जेवण मांडीवर गेलं होतं. लोकांची मनं रमावीत म्हणून कंपनीनं ऑनलाइन वर्ग काढले. योगासनं, पाव भाजणं आणि आयरिश भाषा. योगाच्या वर्गाला मी एकदाच बसले. कॉर्क शहरातला एक तरुण मला, नागपूरच्या बाईला, श्वास कसा घ्यायचा ते शिकवत होता आणि वर 'शवासानाऽ' असं लांबवून म्हणत होता. तळपायाची आग मस्तकात गेली. पाव मला आवडत नाही. म्हणून आयरिश.

शिकवायला एक निवृत्त शाळामास्तर होते. डोनेगलच्या किनाऱ्यावरचे, घरात आयरिशच बोलत मोठे झालेले. कॅमेरा कसा लावायचा हे त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. आम्हाला दिसायचं ते त्यांचं कपाळ आणि मागचं प्रेस. प्रेस म्हणजे कपाट. इथे सगळे तसंच म्हणतात आणि मीही आता तसंच म्हणते. वर्गात बाकी सगळे आयरिश होते, शाळेत इतकी वर्षं ही भाषा शिकून साफ विसरलेले. कोरी पाटी काय ती मी एकटीच.

माझ्या घरात तेव्हा आणखी एकजण होती, माझी बहीण. मी तिला धाकटी म्हणते, ती मला ताई म्हणते. ती इथे शिकायला आली, मग नोकरीला लागली, आणि पहिल्यापासून माझ्याकडेच राहिली. वर्षाच्या सुरुवातीला लग्नासाठी नागपूरला गेली ती लॉकडाऊनमध्ये तिकडेच अडकली. इथला उन्हाळा संपता संपता, ऑगस्टात, विमानात जागा मिळाली ती तिला एकटीला. नवऱ्याचा व्हिसा लटकला, कारण व्हिसाच्या कचेऱ्याच बंद. विमानतळावरून घरी आली, चौदा दिवस एका खोलीत बसली, आणि त्या खोलीच्या दारातूनच तिनं मला सांगितलं की ती गरोदर आहे. मला आनंद झाला आणि त्याच क्षणी त्या व्हिसावाल्यांचा असा राग आला की काय सांगू.

तर वर्ग. धडा होता कुटुंबाचा. "घरी कोण कोण आहे?" मास्तरांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली. मी वाक्य घोटून बसले होते. माझी पाळी आली तशी मी ठणकावून म्हटलं, "टॉ देरफूर अगम." मला बहीण आहे. हे वाक्य मला फार आवडलं होतं, कारण इंग्रजीत बहीण बाळगावी लागते, आयरिशमध्ये मराठीसारखी ती नुसती असते.

मास्तर खूश झाले. मग गप्पा माराव्यात तसं त्यांनी इंग्रजीत विचारलं, आईवडील कुठे असतात दोघींचे? मी म्हटलं, माझे नागपूरला, तिचे चंद्रपूरला.

झालं! स्क्रीनवरच्या सगळ्या चौकटींतल्या भुवया वर गेल्या. मग वर्गातल्या एका बाईनं गोड आवाजात म्हटलं, "अच्छा, म्हणजे कझिन." आणि मास्तरांनी, देव त्यांचं भलं करो, लगेच स्क्रीनवरच्या फळ्यावर शब्द लिहून दाखवला. कोल क्याहरर. देरफूर म्हणजे बहीण, आणि काकाची मुलगी म्हणजे कोल क्याहरर. शब्दशः अर्थ, चार माणसांचं नातं.

"कुठली चार माणसं?" मी विचारलं.

"तुम्ही दोघी, आणि तुमचे वडील दोघे."

"आमच्या घरात सात माणसं होती," मी म्हटलं, "आणि एक कुकर." कुणालाच काही कळलं नाही. मी माइक बंद केला.

आता हे सांगितलंच पाहिजे. माझे काका खाणीत नोकरीला होते. बदलीच्या गावी धड शाळा नव्हती, म्हणून धाकटी पहिलीपासून आमच्याकडे नागपूरला. माझ्या आईला ती मोठी आई म्हणते. आमची एकच खाट, एकच कंपासपेटी, आणि कांजण्याही आम्हाला एकदमच आल्या. एकदा शेजारच्या बाईंनी दारात उभं राहून विचारलं, "ही सख्खी का हो?" आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आमच्याकडे असं काही धरत नाहीत." त्यानंतर त्या बाईंनी आमच्याकडे विरजण मागायला यायचंही बंद केलं. सख्खी, चुलत हे शब्द मराठीत आहेत हे मला माहीत होतं. पण ते आमच्या घरात कधी कुणी वापरले नाहीत, आणि आता डोनेगलचा एक मास्तर मला सांगणार की ती माझी बहीण नाही!

पुढच्या वर्गाला मी भांडायच्या तयारीनंच बसले. मास्तरही काही कमी नव्हते. त्यांनी तो पूर्ण तास 'देरफूर' या एका शब्दावर घेतला. मला वाटतं, माझी समजूत काढायलाच घेतला असावा. शिक्षकाची समजूत काढायची पद्धत, दुसरं काय.

आधी रूपं. आपण मराठीत शब्दाचं शेपूट बदलतो. बहीण, बहिणी, बहिणीला. हे लोक तोंड बदलतात. देरफूर म्हणजे बहीण, पण 'माझी बहीण' म्हणायचं झालं की 'मो येरफूर'. पुढचा 'द' विरघळून 'य' होतो. 'बहिणीचं' म्हणायचं तर शेवटही बदलतो. माझ्या बहिणीचं घर, इथे ती 'येरफेर' होते. पुष्कळ बहिणी असल्या की 'देरफुराखा'. इथवर मी निमूट लिहून घेतलं. मग आली खरी गंमत. 'त्याची', 'तिची' आणि 'त्यांची' या तिन्हींना आयरिशमध्ये एकच शब्द, नुसता 'अ'. मग कुणाची बहीण हे ओळखायचं कसं? तर बहिणीकडे बघून. त्याची असेल तर ती येरफूर, तिची असेल तर देरफूर, त्यांची असेल तर नेरफूर.

मी माइक उघडला. "म्हणजे मालक जागचे हलणार नाहीत," मी म्हटलं, "बदलायचं कुणी, तर बहिणीनं!"

मास्तर इतके हसले की पहिल्यांदाच त्यांचा पूर्ण चेहरा कॅमेऱ्यात आला. वर्गातल्या बायकाही हसल्या. मी काही विनोद केला नव्हता.

मग त्यांनी शब्द फोडून दाखवला. देरफूर हा जोडशब्द आहे. 'द्यारव' म्हणजे खरा, पक्का, खात्रीचा. आणि बहिणीसाठी जुना शब्द होता 'शूर'. मग 'शूर'चा 'फूर' कसा झाला? तर त्या 'श'च्या पोटात फार पूर्वी एक 'व' होता. शब्दाची सुरुवात मऊ झाली की तो लपलेला 'व' 'फ' होऊन बाहेर यायचा. त्या 'व'चे भाऊबंद युरोपभर सापडतात, मास्तर म्हणाले, आणि तुमच्या संस्कृतातही.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. स्वसृ! शाळेत मार्क मिळतात म्हणून संस्कृत घेतलेलं, रूपं घोकलेली. स्वसा, स्वसारौ, स्वसारः. मी मोठ्यानं म्हणायलाच लागले. शेजारच्या खोलीत काम करत असलेली धाकटी 'काय झालं?' म्हणत धावत आली. मास्तरांनी मला तीन वेळा म्हणायला लावलं आणि स्वतः कान पुढे करून ऐकलं. मराठीत स्वसृ राहिलीच नाही. आपण भगिनीवरून बहीण केली आणि ती जुनी टाकून दिली. आणि ही बया इथे, जगाच्या दुसऱ्या टोकाला, 'फ'चा पदर डोक्यावर घेऊन जिवंत! त्या दिवशी मला खरंच आनंद झाला, ते मी नाकारत नाही.

पण आनंदात राहिले तर ती मी कसली. "ते सगळं ठीक आहे," मी म्हटलं, "पण बहिणीला 'खात्रीची' अशी चिठ्ठी चिकटवायची गरज का पडली?"

मास्तरांनी चष्मा काढला. म्हणाले, "कारण 'शूर' सगळ्यांची झाली होती. नात्यातली कुठलीही बाई शूर. पुढे मठातल्या जोगिणीही शूर. तेव्हा एका आईबापाची सांगायला 'द्यारव' जोडावं लागलं, असं जाणकार म्हणतात. कुणाला बाहेर काढायला नव्हे. आत फार जणी झाल्या होत्या म्हणून."

"आमच्यात अशा चिठ्ठीला सख्खी म्हणतात," मी म्हटलं. "आणि ती चिठ्ठी फक्त चोंबड्या शेजारणी वाचतात."

एवढ्यावर तो तास संपला. मला वाटलं, विषयही संपला. माझ्या अंदाजाचं काय सांगावं, कप्पाळ!

डिसेंबरात हॉस्पिटलमधून धाकटीला फोन आला. कुठलं हॉस्पिटल ते मी सांगणार नाही, कारण माणसं तिथली चांगली आहेत आणि माझा राग माणसांवर नाही. म्हणजे आहे, पण ते असो. कोरोनामुळे बाळंतपणात सोबत एकच माणूस, तेही आधी ठरवून ठेवलेलं. फोनवरच्या बाईंनी विचारलं, "सोबतीला नवरा का?"

"नवरा भारतात आहे," धाकटी म्हणाली. मी समोरच मटार सोलत होते. मी ऐकलं, ती स्वच्छ आवाजात, शहाण्या मुलीसारखी म्हणाली, "माझी कझिन-सिस्टर येईल."

हा शब्द आपल्या लोकांनी घडवला आहे. साहेबाला सिस्टर म्हटलं आणि नंतर त्याला खरं कळलं तर आपण खोटे पडू, नुसतं कझिन म्हटलं तर जीभ अडखळते, म्हणून आपण दोन्ही बाजूंची मर्जी राखायला मधोमध उभे राहिलो. कझिन-सिस्टर. जगात दुसरं कुणी असं म्हणत नाही.

"कझिन?" बाईंनी विचारलं.

"कझिन-सिस्टर."

"म्हणजे कझिन." मग टाइप केल्याचा आवाज आला. "आय ॲम वेरी सॉरी नाऊ, पण नवरा नाही तर अगदी जवळच्या नात्यातलं माणूस, एवढंच चालतं. कझिन त्यात धरत नाहीत."

धरत नाहीत. माझ्या आईचेच शब्द, पण उलटे करून तोंडावर मारलेले. मी फोन हिसकावून घेतला. म्हटलं, आम्ही एका घरात राहतो. एका पातेल्यातला चहा पितो. तिला झाला तर मला झालेलाच आहे. तुमच्या त्या व्हायरसला सख्खं आणि चुलत कळतं का? तो आधी वडिलांचं नाव विचारतो का?

"आय नो, आय नो," बाई म्हणाल्या. "यू आर वेरी गुड टू हर."

हे इथलं मला सहन होत नाही. नाही म्हणतात तेही इतकं मायेनं की आपल्या तोंडून थँक्यू निघून जातं. माझ्याही निघालं! फोन ठेवल्यावर मला स्वतःचाच इतका संताप आला की मी मटाराची परात आदळली आणि मग दोघींनी बसून फरशीवरचे मटार वेचले. ती वेचता वेचता रडायला लागली. "मी कशाला बोलले गं ते कझिन? आपलं आडनावही एकच आहे. नुसतं सिस्टर म्हटलं असतं तर कुणी विचारलंसुद्धा नसतं."

ते खरंच होतं, आणि म्हणूनच फार लागलं. मी म्हटलं, "तू खरं बोललीस." ती म्हणाली, "नाही ना. तेच तर. मी खरं नाही बोलले."

आईला फोनवर सांगितलं. तीच ती माझी आई, तांदूळ निवडणारी. ती म्हणाली, "मंग सांगून दे न सख्खी आहे म्हणून. कोन येते पाहाले?" तिच्या तोंडून तो शब्द ऐकून मला कसंतरीच झालं. म्हटलं, आता सांगून उपयोग नाही, तिकडे लिहून झालंय. मी पुन्हा फोन केला, वरच्या बाईंशी बोलले, त्यांच्याही वरच्या बाईंशी बोलले. सगळ्या हळहळल्या. सगळ्यांनी मला 'यू आर ग्रँड' म्हटलं, म्हणजे इथल्या भाषेत 'काही हरकत नाही'. दार काही उघडलं नाही.

जानेवारीत इथे साथीचा असा भडका उडाला की नियम सैल होण्याची आशाच संपली. लोकांना घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी. धाकटीचे पाय सुजत होते. रोज संध्याकाळी मी तिच्या पायांना तेल लावायचे आणि मनातल्या मनात हॉस्पिटलशी भांडायचे. ती मात्र गप्प गप्प झाली होती. एकदा म्हणाली, "ताई, मला कळा सोसायची भीती नाही वाटत. पण आत मी मराठीत ओरडले तर कुणाला काही कळणार नाही ना, त्याची वाटते." मी तेल लावत राहिले.

तेवढ्यात वर्गाचा दिवस आला. मास्तरांनी कशी आहेस विचारलं आणि माझा बांध फुटला. सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. म्हटलं, घ्या तुमचं देरफूर! तुमच्या देशात बहीण खात्रीची असल्याशिवाय दारातून आत जाता येत नाही. दीड हजार वर्षांपूर्वी चिठ्ठी चिकटवलीत, ती आज माझ्या कपाळावर आली.

गोड आवाजाच्या बाई डोळे पुसत होत्या.  मास्तरांनी माफी मागितली नाही, ते मला बरं वाटलं. त्यांची काय चूक? मग म्हणाले, "एक रूप तुला शिकवायचं राहिलं. हाक मारायचं. 'अ येरफूर.' अगं बहिणी." आणि पुढे म्हणाले, "आमच्या गावात चुलतभावंडांनी भरलेली घरं होती. पण शेताच्या या टोकाहून त्या टोकाला कुणी कोल क्याहरर अशी हाक मारलेली मी जन्मात ऐकली नाही."

मार्च उजाडला. एका सकाळी धाकटीनं हाक मारली आणि तिच्या आवाजावरूनच मला कळलं. मी गाडी काढली. वाटेत पोलिसानं थांबवलं, खिडकीतून तिच्याकडे एकदा पाहिलं आणि हातानंच 'जा जा' केलं. कोण कुणाची कोण, हे त्यानं विचारलं नाही. हॉस्पिटलच्या दारात मास्क लावलेल्या माणसानं तिची बॅग घेतली. मी मागोमाग निघाले तशी तो अगदी हळू म्हणाला, "सॉरी, लव्ह. इथपर्यंतच." काचेचं दार सरकलं. ती आत गेली, वळली, आणि दुसरं दार लागलं.

मी गाडीत येऊन बसले. त्या पार्किंगमध्ये गाड्यागाड्यांतून नवरे बसलेले होते. त्यांनाही अगदी शेवटीच आत घ्यायचे. माझ्या शेजारच्या व्हॅनमध्ये एक रंगारी होता, कपड्यांवर पांढरे डाग. त्यानं काच खाली करून मला विचारलं, "तुमचं कोण आत?" मी म्हटलं, "माझी बहीण." तो म्हणाला, "काळजी करू नका, बोलावतील."  जरा वेळानं त्याचा फोन वाजला आणि तो व्हॅनचं दार उघडं टाकून धावत सुटला. मी उतरून त्याचं दार लावलं. मग दुसरा धावला, मग तिसरा. मला कुणीही मेलं बोलावलं नाही. काचेच्या दारात जाऊन दोन सणसणीत शब्द सुनवावेत असं अनेकदा मनात आलं. पण आत ती होती, आणि ती त्यांच्या हातात होती. राग गिळणं म्हणजे काय ते मी त्या पार्किंगमध्ये शिकले.

दुपारी फोन वाजला. आतून नाही, नागपूरहून. तिच्या नवऱ्याचा. त्याला व्हिडिओ कॉलवर दाखवलं होतं. "ताई, मुलगी झाली! दोघी छान आहेत." मी त्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर बसले होते, आणि बातमी मला नागपूरमार्गे कळली. मी त्याचं अभिनंदन केलं, फोन ठेवला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून आनंदानं आणि संतापानं एकदमच रडले.

तिला घरी सोडायच्या दिवशी मी पुन्हा त्याच दारात. या खेपेला दार माझ्यासाठी नाही तरी माझ्या दिशेनं उघडलं. धाकटी सावकाश चालत आली, एका दिवसात वाळल्यासारखी दिसणारी. तिच्यामागे एक मिडवाइफ, पन्नाशीची, हातात बाळाची कारसीट. मिडवाइफ गाडीपाशी आल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "जा हं राजा, आता आपल्या आँटीकडे."

आँटी! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. आत जायचं होतं तेव्हा मी कझिन होते आणि आता कारसीट उचलायची आहे तर आँटी? मी तोंड उघडलं. सहा महिन्यांचं व्याकरण माझ्या जिभेवर तयार होतं. शूर, फूर, द्यारव, स्वसा स्वसारौ स्वसारः, सगळं या बाईंच्या पदरात घालायचं मी ठरवलं होतं.

पण त्याच आधी बोलल्या. आवाज खाली आणून, धाकटी ऐकणार नाही अशा बेतानं. "मला एक विचारायचं होतं. 'ताई' म्हणजे काय? सगळा वेळ तेच ओरडत होती बिचारी. मी तिचा हात धरला होता, पण ती दाराकडेच बघत होती. आम्हाला वाटलं, देवाचं नाव असावं."

माझं सगळं व्याकरण घशातच राहिलं. मी म्हटलं, "देरफूर."

त्यांना कळलं. मास्कच्या वर डोळे तेवढे दिसत होते आणि ते भरून आले. त्यांनी मान वळवून त्या काचेच्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कारसीटची कडी काही क्षण त्यांच्याही हातात होती आणि माझ्याही. सॉरी म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर मी कडाडले असते. त्यांनी वाकून बाळाची टोपी नीट केली आणि कडी सोडून दिली.

मी सीट बसवली, पट्टे ओढून पाहिले, पुन्हा एकदा ओढून पाहिले. धाकटी मागे बाळाजवळ बसली. मला त्या दारासमोरून अशी सुसाट गाडी काढायची होती की टायरचा आवाज आतपर्यंत जावा. मी गिअर टाकला.

"ताई," मागून हाक आली, "हळू चालव हं."